पुसलेल्या गावांच्या काचा

अन्याय झाला तो प्राध्यापक निर्मला पाटोदेकर यांच्यावर, आणि तो झाला मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, कॉलेजची घंटा व्हायच्या आत. हे आधी लिहून ठेवते, कारण त्यांच्या शोकसभेत जे बोलले ते सगळे ‘मॅडम अखेरपर्यंत कार्यरत राहिल्या’ एवढं सांगून खाली बसले. अखेरपर्यंत कार्यरत का राहावं लागलं, हे कोणी विचारलं नाही. निवृत्त बाईनं दुपारी जरा आडवं व्हावं, मालिका बघावी, बहिणीशी भांडावं. मॅडम मात्र खिडकीपाशी बसून, एक डोळा मिटून, दुसऱ्यांनी पुसून टाकलेलं काम पुन्हा करत होत्या. ते पुरं व्हायच्या आत त्या गेल्या. गुढीपाडव्याच्या आधीच्या आठवड्यात.

मी तेव्हा मानवतच्या बाजारात होते. बसथांब्याला शेड पाहिजे म्हणून पत्रकं वाटत होते. फोन वाजला तो सुधाताईंचा. सुधाताई म्हणजे मॅडमच्या धाकट्या बहीण. दोघी सेलूला स्टेशनच्या अलीकडे राहायच्या. “वैशाली, निर्मला गेली गं,” त्या म्हणाल्या. “चहा दे म्हणाली, मी करून आणला, तर…” मग नुसता बाजाराचा गलका. मला वाटलं फोन कटला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “तिच्या यंत्रावर कापड टाकलंय मी. धूळ बसेल म्हणून.” त्या क्षणी सुधाताईंना तेच सुचलं, आणि खरं सांगायचं तर मॅडमनाही तेच सुचलं असतं.

मॅडम आपल्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. कॉलेजचं नाव लिहीत नाही. माझं भांडण पाटीशी नाही. या विषयाला आमच्याकडे कोण जातं? ज्याला दुसरीकडे जागा मिळत नाही तो. मीही तशीच गेले. मॅडमचा एक नियम होता. वर्गात पहिल्यांदा येताना प्रत्येकानं आपल्या गावच्या विहिरीचा एक दगड आणायचा. शेतातला चालायचा नाही, तो ऊनपावसानं सडलेला असतो. विहीर खोदताना खालून निघालेला, टणक, मुठीएवढा. आमचं गाव सोनपेठ तालुक्यातली बोरवाडी. दप्तरात दगड घालून मी एसटीची वाट बघत उभी, तर दादा, म्हणजे माझे वडील, सगळ्या फाट्यासमोर ओरडले, “दगड कशाला न्यायलीस गं? तिथं काय दगड कमी हायेत व्हय?” फाट्यावरचे हसले. मी तेव्हाच पुढारी असते तर तिथंच भाषण ठोकलं असतं.

त्या दगडाचं काय करायचं, तर आधी त्याची चकती कापायची, ती काचेच्या पट्टीवर डिंकासारख्या रसायनानं चिकटवायची आणि मग दुसऱ्या जाड काचेवर ओली पूड टाकून घासत बसायचं. घासत बसायचं म्हणजे महिना-महिना. बोटांची टोकं गुळगुळीत होतात. आपल्या विहिरीचा काळा, फोडता न फुटणारा दगड हळूहळू कांद्याच्या पापुद्र्यासारखा होतो आणि शेवटी खाली ठेवलेल्या पेपरची अक्षरं त्याच्यातून वाचता येतात. अक्षरं दिसली की लगेच थांबायचं नाही, अजून थोडं घासायचं. मी अक्षरं दिसताच थांबले. मॅडमनी काच उजेडाकडे धरून बघितली. नुसत्या म्हणाल्या, “बस. बघ तुझं गाव.”

ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक म्हटलं की पुस्तकी नावानंच माणूस पळतो. गोष्ट साधी आहे. त्याच्यात खाली एक आणि वर एक अशा दोन चकत्या असतात. त्या उजेडाला गाळून एकाच दिशेनं सोडतात. एक उभी, एक आडवी केली की उजेड बंद, मिट्ट काळोख. पण मधे दगडाची पातळ काच ठेवली की त्याच काळोखात रंग उमटतात. फेल्स्पार नावाच्या खनिजाच्या काड्या, पिवळट, अंगावर काळे पट्टे. त्यांच्यामध्ये ऑजाइटचे कण, नारिंगी, निळे, जांभळे, झगझगीत. मला वाटलं यंत्रातच काहीतरी भरून ठेवलंय. माझ्या विहिरीत हे? ज्या दगडावर आमची आई धुणं आपटते त्याच्यात? मी रंगांची नावं सांगत सुटले तर मॅडमनी माझा हात धरून यंत्राच्या गोल पाटावर ठेवला. “रंगावर जाऊ नकोस. फिरव.” पाट फिरवला की एकेक कण आपल्या पाळीनं काळा पडतो आणि परत उजळतो. कोण किती फिरवल्यावर विझतो, त्याच्यावरून तो कोण ते ठरतं. काही कण कसेही फिरवा, काळेच राहतात, तीही ओळखच. “एका जागी बघून नाव सांगितलंस तर चुकशील,” मॅडम म्हणाल्या. “पूर्ण फिरव. मग बोल.”

ही सवय त्यांच्या हाडात गेली होती. भाजीवाल्याकडचं वांगं त्या अशा फिरवायच्या की तो म्हणायचा, “बाई, घ्या न्हाई तर ठिवा, त्येला चक्कर यायली.” माझं पहिलं पत्रक त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते टेबलावर सावकाश उलटं केलं, आडवं केलं, पुन्हा सरळ केलं. मी म्हटलं, “मॅडम, ते दगड नाही.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच जास्त बघते. दगड खोटं बोलत नाही.”

आमच्या काचा कॉलेजातच राहायच्या. प्रत्येकीच्या कडेला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर मॅडमच्या बारीक अक्षरात गावाचं नाव. लाकडी पेट्यांतून जिल्ह्यातली गावं उभी रचून ठेवलेली. सेलूकडची, मानवतकडची, गोदाकाठची. विहिरी बुजल्या, काही गावं उठून रस्त्याकडेला आली, पण त्यांचा दगड तिथं होता, नावासकट. मॅडम निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कोणी नेमलं नाही, विभागाला कुलूप लागलं. मी तेव्हाही पत्रक काढलं होतं. कोणी वाचलं नाही.

आणि मग तो पोळ्याचा दुसरा दिवस. कॉलेजात मूल्यांकनाची समिती यायची होती आणि वरून हुकूम निघाला होता की जुनं, कळकट काही दिसता कामा नये. मॅडम त्या दिवशी कॉलेजात गेल्या त्या किसनमामांना पुरणपोळ्यांचा डबा द्यायला. किसनमामा विभागाचे शिपाई, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हा डबा ठरलेला. मॅडम दारात पोचल्या तर मामा जमिनीवर बसलेले, समोर फिनेलच्या पाण्याची बादली, चिंध्या, आणि फरशीवर ओळीनं मांडलेल्या काचा. सगळ्या लख्ख. चिठ्ठ्या भिजवून, खरवडून काढलेल्या. बादलीत तरंगत होत्या. मामा कौतुकानं म्हणाले, “मॅडम, बघा की. आरशावानी चमकायलेत. लय कळकट झाल्त्या बगा.”

कोणती काच कुठल्या गावाची, ती नोंदवही? ती आदल्या आठवड्यातच रद्दीत गेली होती.

मॅडमनी विचारलं, “कोणी सांगितलं?” मामा म्हणाले, “वरून.” मग त्यांच्या लक्षात आलं, की काहीतरी भलतंच झालंय. हातातली चिंधी तशीच राहिली. मॅडमनी डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “गरम आहे तोवर खा.” हे मला मामांनीच सांगितलं, कितीतरी दिवसांनी.

मी मात्र त्याच संध्याकाळी पेटले. पत्रक लिहिलं: ‘जिल्ह्याची गावं पुसणारे हात कोणाचे?’ खाली मागण्या, मोर्च्याची वेळ, सगळं. सेलूला जाऊन मॅडमना दाखवलं. त्यांनी कागद फिरवला. मग विचारलं, “ज्यांनी हुकूम दिला त्यांना काचांवर काय आहे हे माहीत होतं?”

“नसलं माहीत तर करून घ्यायचं होतं!”

“ते मान्य. पण तू ‘हात’ लिहिलंयस. हात किसनचे आहेत. मोर्च्यात कोणाला दगड मारतील?”

माझा राग गेला नाही, आजही गेलेला नाही. ज्यांना आपल्या कपाटात काय आहे ते ठाऊक नाही, त्यांनी ते पुसायचा हुकूम देऊ नये, एवढं साधं आहे. पण पत्रक मी छापलं नाही. मॅडम म्हणाल्या, “मला मोर्चा नको. मला काचा पाहिजेत, सूक्ष्मदर्शक पाहिजे आणि उत्तरेची खिडकी. खिडकी माझ्याकडे आहे.” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी प्राचार्यांकडे गेलो. ते मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, “घेऊन जा मॅडम, तसंही भंगारच आहे ते.” मी उठायला लागले तसा मॅडमनी माझा दुपट्टा खाली ओढला. बाहेर आल्यावर मी फणफणत होते. “मॅडम, भंगार म्हणाला तो!” त्या म्हणाल्या, “तो ‘घेऊन जा’ म्हणाला. मी तिथंच ऐकायचं थांबवलं.”

असं ते यंत्र रिक्षात बसून, सुधाताईंच्या मांडीवरून, घरी आलं. जुन्या घडणीचं, आरशानं बाहेरचा उजेड आत घेणारं. उजेड दिवसभर सारखा राहावा म्हणून उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल लागलं. तिकडच्या जिनिंग कारखान्यातून कापसाची पिसं उडत यायची, ती यंत्रावर बसू नयेत म्हणून सुधाताईंनी खिडकीला जुन्या पातळाचा पडदा शिवला, आणि पडद्यानं उजेड अडतो म्हणून मॅडमनी तो काढला. हे भांडण थंडीभर चाललं.

नाव नसलेल्या काचेला नाव कसं द्यायचं? मला वाटलं होतं अशक्य. मॅडमनी पहिली पेटी उघडली, पहिली काच पाटावर ठेवली, फिरवली, आणि हसल्या. “अगं, ही तुझी.”

“कशावरून?”

“फेल्स्पार पिवळा दिसतोय. करडा-पांढरा दिसायला पाहिजे. काच जाड राहिली की तो पिवळा पडतो. बोरवाडीची वैशाली, अक्षरं दिसली की थांबणारी.” आणि त्यांनी हिरकणी घेतली. हिरकणी म्हणजे काच कापतात ती, टोकाला हिरा बसवलेली. काचेच्या कडेला त्यांनी कोरलं: बोरवाडी. आता चिठ्ठी नाही. फिनेलनं जाणार नाही.

त्या दिवसांत मला कळलं की त्यांना आमच्या चुका सगळ्या पाठ होत्या. एका कडेला घासून-घासून भोक पाडणारा, डिंकात बुडबुडे ठेवणारी, चकती तिरपी चिकटवणारा, प्रत्येकाचं गाव त्याच्या चुकीवरून परत येत होतं. “ही मानवतकडच्या पोराची, त्याला एका हातानं घासायची खोड होती, बघ, डावीकडं पातळ.” आयुष्यभर ज्या चुकांसाठी त्यांनी आमचे कान उपटले, त्या आता त्यांच्या कामाला येत होत्या. अडचण होती ती हुशारांची. ज्यांनी काच अगदी नेमकी, एकसारखी पातळ केली होती, त्यांच्या काचांवरून माणूस ओळखू येत नव्हता. तिथं दगडालाच बोलतं करावं लागणार होतं. म्हणजे त्या-त्या गावातून विहिरीचा नवा दगड आणायचा, त्याची नवी काच घासायची, आणि जुन्या काचेशेजारी लावून बघायचं, काड्या तेवढ्याच लांब आहेत का, ऑलिव्हिन नावाच्या खनिजाच्या कडा तशाच तांबूस पडल्यात का, दगडातल्या पोकळ्यांत गारगोटीचे डोळे तसेच भरलेत का.

दगड आणायचं काम माझं. चळवळीमुळे गावोगावी ओळखी आहेत, म्हटलं सोपं जाईल. कसलं सोपं! “दगड कशापायी? सोनं निगालं का?” “सर्वे चाललाय व्हय? आमी जमीन देणार न्हाई, आदीच सांगतो.” बसथांब्याची शेड मागताना जेवढं बोलावं लागलं नाही तेवढं एका दगडासाठी बोलावं लागलं. किसनमामा न सांगता आले. आपल्या देऊळवाडीचा दगड पिशवीत घालून दारात उभे. आत येईनात. मॅडम म्हणाल्या, “किसन, धुऊन आणलास की नाही?” मामांचा चेहरा पडला. मॅडम हसल्या, मग सुधाताई हसल्या, मग मामाही. त्या दिवसापासून मामा रोज यायचे आणि घासायला बसायचे. आमच्यापेक्षा त्यांना धीर जास्त.

पिंपरी बुद्रुक आणि पिंपरी खुर्दचं सांगायलाच पाहिजे. मधे एक ओढा, आणि ओढ्यावरून पिढ्यांची भांडणं. दोन्हीकडचा एकेक माणूस आपापला दगड घेऊन नेमका एकाच दिवशी आला. बुद्रुकचे अण्णा म्हणाले, “आमचा दगड अस्सल हाय बाई. ह्यांचा मऊ, घरं गळत्यात ह्यांची.” खुर्दचा तरुण म्हणाला, “तुमचं तोंड लय टणक हाय, दगडाचं माहीत न्हाई.” मॅडमनी दोघांनाही आळीपाळीनं यंत्रातून बघायला लावलं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. “ह्यो कोणाचा?”

“तो खुर्दचा.”

“आन् आदीचा?”

“तुमचा.”

“सेमच की हो!”

“एकाच लाव्ह्याचा थर आहे. ओढा नंतर आला.” मग दोघांनी चहा एकाच बशीतून… नाही, तसं काही झालं नाही, खोटं कशाला लिहू. जाताना दोघं परत ओढ्यावरून भांडतच गेले. पण पेटीतली एक जुनी काच दोघांच्याही दगडाशी जुळत होती, तिचं काय करायचं? बुद्रुकची की खुर्दची? मला घाई होती. एका पत्रकाराला बोलावलं होतं, त्याला आकडा मोठा दाखवायचा होता. म्हटलं, “टाका ना मॅडम बुद्रुक. कोण तपासणार आहे?” मॅडमनी हिरकणी खाली ठेवली. मी त्यांना इतकं गंभीर कधी बघितलं नव्हतं. “त्यांनी नाव पुसलं, वैशाली. चुकीचं नाव लिहिणं त्याच्यापेक्षा वाईट. पुसलेली काच निदान विचारते तरी, की मी कोण.” ती काच कोरी ठेवली. पत्रकार आला, त्याला मॅडमनी कोऱ्या काचांचीच पेटी आधी दाखवली.

त्यांचं स्वतःचं गाव थडी निमगाव, गोदावरीच्या काठचं. शिकत असताना त्यांनी केलेली तिथल्या विहिरीची काच त्याच पेट्यांत होती. “तुमची कोणती?” मी विचारायचे. “कळत नाही गं. मी चुका केल्या नाहीत, त्याची शिक्षा आहे ही.” आणि हसायच्या. तिकडचा दगड आणू म्हटलं की म्हणायच्या, आधी पोरांची गावं, माझं शेवटी. शेवटची भेट झाली तेव्हा होळी होऊन गेली होती. ऊन चढलं होतं, डोळा लवकर थकायचा. मी यंत्रावर बसले होते, त्या खुर्चीत मागं टेकून ऐकत होत्या. मी म्हटलं, “ही माझ्या मते सेलूकडची.” त्या डोळे मिटून म्हणाल्या, “पूर्ण फिरवलंस?” मी नव्हतं फिरवलं… परत फिरवलं. सेलूकडची नव्हतीच. “आता पुढच्या आठवड्यात निमगावला जाऊ,” त्या म्हणाल्या. “विहिरीला पायऱ्या आहेत. मी उतरणार नाही, तू उतर.”

तेराव्यानंतर मी आणि किसनमामा निमगावला गेलो. विहीर नाही. बुजवून वर सिमेंटचा ओटा केलाय, त्याच्यावर माणसं बसतात. पायऱ्यांचा दगड? “नेला लोकांनी,” ओट्यावरचे म्हणाले. “कोणी गोठ्याला लावला, कोणी दाराला.” कोणी? ते कोणाला आठवेना. ऊन कलेपर्यंत आम्ही दारोदार फिरलो, आणि परत आलो.

सूक्ष्मदर्शक अजून सेलूच्या त्या खिडकीपाशी आहे. सुधाताई रोज कापड काढून झटकतात, परत टाकतात. पाटाची कड एका जागी घासून पांढरी झालीय, मॅडमचं बोट तिथं असायचं. मी बसले की माझंही बोट आपोआप तिथंच जातं. बाजूच्या ट्रेमध्ये उरलेल्या काचा उभ्या आहेत, सगळ्या चांगल्या, एकसारख्या, नेमक्या, कोऱ्या. त्यांतली एक मॅडमची आहे. आणि कॉलेजातून निरोप आलाय: वस्तू आमच्या मालकीची आहे, सुट्ट्या संपल्या की परत करा. कालपर्यंत भंगार होतं, आज मालकी आठवली! यंत्र परत देईन. हिशेबात मी चुकणार नाही. पण त्याच्या आत काचांना नावं मिळाली पाहिजेत. एकदा ते कपाटात गेलं की पुन्हा निघणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

म्हणून हा लेख वाचून हळहळू नका, मला फोन करून ‘फार छान लिहिलंय’ म्हणू नका. उठा. तुमच्या गावच्या विहिरीचा मुठीएवढा टणक दगड घ्या आणि सुट्ट्या संपायच्या आत सेलूला, स्टेशनच्या अलीकडे, पाटोदेकर बाईंचं घर विचारत या. किसनमामा घासतील, मी पूर्ण फिरवून बघेन, जुळलं तरच कोरेन. आणि थडी निमगावकर, तुम्ही आधी. तुमच्या दारातली पायरी बघा. गोठ्याचा उंबरा बघा. त्या विहिरीचा दगड तुमच्याचपैकी कोणाच्या तरी पायाखाली आहे. त्याचा एक तुकडा काढा, आणि मॅडमच्या काचेला तिचं गाव परत द्या.